मामांचा आवाज

माझ्या सासऱ्यांइतकं मोठ्यानं बोलणारा माणूस नाशिकरोडपासून पंचवटीपर्यंत दुसरा नाही, आणि त्यांच्याइतकं कमी ऐकणाराही नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीनं करते आहे, कारण सात वर्षं मी त्यांच्याबरोबर जेलरोडच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या फ्लॅटमध्ये राहते आहे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांनी सातपूरकडच्या एका कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या खोलीत, तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर तो धडधडाट थांबला, पण त्यावर मात करून बोलायची सवय काही सुटली नाही. एकदा मला बाजूला घेऊन, अगदी कानाशी येऊन, त्यांनी सांगितलं होतं, "खालच्या वहिनी आमटी लय खारट करतात, कोणाला सांगू नको." त्या दिवसापासून खालून आमटीची वाटी येणं बंद झालं. बरं, आपल्याला ऐकू आलं नाही हे ते कधी कबूल करत नाहीत. जे ऐकू येत नाही त्याचा ते अंदाज बांधतात आणि त्या अंदाजाला ठामपणे उत्तर देतात. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस दारात उभा राहून म्हणतो, "काका, कोड सांगा," आणि मामा म्हणतात, "गोड बंद केलंय डॉक्टरांनी." त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलेलं होतं. ते कपाटाच्या खणात, डबीत, कापसावर झोपलेलं असे. "त्यात भांडी आपटल्यासारखं होतं," असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाच्या घरात मी एक मूल जन्माला घातलं.

ओवीच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर मामा एकटेच बसले होते. माझा नवरा औषधं आणायला खाली गेला होता. मास्क लावलेली नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "मुलगी झाली. सव्वादोन किलो." मामांनी गंभीरपणे मान हलवली आणि ते निघून गेले. तासाभरानं आले ते बरोबर सव्वादोन किलो पेढे घेऊन. नर्सच्या हातात खोका देत म्हणाले, "तुम्ही सांगितले तेवढे आणलेत. एक ग्रॅम कमी नाय." तिला काही कळेना आणि यांना कोणी काही सांगेना. शेवटी ते पेढे तीन मजल्यांवरच्या सगळ्या पेशंटांच्या नातेवाइकांनी खाल्ले, आणि ज्यांच्याकडे त्या दिवशी काहीच आनंदाचं घडलं नव्हतं त्यांनीही आमचं अभिनंदन केलं.

तिसऱ्या दिवशी ओवी पिवळी पडली. काविळीचं काय एवढं, सगळ्याच बाळांना होते, असं जो तो म्हणाला. पण तिची उतरेना. डोळ्यांवर पट्टी बांधून तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं. मी काचेबाहेर बसून रडायचे आणि मामा काचेला नाक लावून तिला बातम्या सांगायचे. कांद्याचे भाव, बिटको चौकातलं खोदकाम, तिच्या बापानं सकाळी घातलेला उलटा शर्ट. वॉचमननं त्यांना दोनदा बाहेर काढलं. कावीळ उतरली, आम्हाला घरी सोडलं. सोबतच्या कार्डावर बऱ्याच सूचना होत्या आणि त्यात एक ओळ होती, तीन महिन्यांनी कानांची तपासणी करून घ्यावी. मी शाळेत शिकवते. पोरांच्या वहीतली एक वेलांटी चुकली तरी मला दिसते. ती ओळ मी वाचली होती. बाटली वापरण्यापूर्वी हलवावी, हे आपण जसं वाचतो, तशी वाचली होती.

तिथून मी बाळाला घेऊन सायखेड्याला माहेरी गेले. मामा दर दोन दिवसांनी एसटीनं हजर. निमित्त काहीही चालायचं. एकदा नुसती माझी छत्री घेऊन आले, आणि दिवस मार्चचे होते. अंगणात पाय ठेवल्याबरोबर ते ओरडत, "कुठंय आमची पोरगी?" आणि माझी आई पदर सावरत धावत बाहेर येई, "आवो हळू! आत्ताच निजलीय!" मामांना अर्थातच ते ऐकू जात नसे. मग आई दोन्ही हात हलवी, ओठांवर बोट ठेवी, मांजर हाकलल्यासारखं शुक् शुक् करी. या सगळ्या गोंधळात ओवी मात्र झोपलेली. आईला केवढं कौतुक! "लय गुणी हाय पोरगी. किती आरडा व्हऊ दे, डोळा उघडायची नाय." शेजारच्या बायकांना ती बोलावून दाखवायची. मीही अभिमानानं उभी असायचे, जणू झोप मीच तिला शिकवली होती.

बारसंही तिथंच झालं. नणंदेनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि सगळ्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मामा पुढं सरकले. "काय ठेवलं नाव?"

"ओवी!" नणंद म्हणाली.

"ओली? मग बदला की! वाकून काय बघत बसलाय?" असं म्हणून त्यांनी स्वतःच बाळाचं लंगोट चाचपून पाहिलं आणि सगळ्यांना जाहीर केलं, "कोरडीय." हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. नणंद वडिलांना दादा म्हणते. ती म्हणाली, "दादा, नाव तुम्हाला नाही, तिला सांगायचं असतं. कानात." त्यावर मामांनी पाळण्यात पाहिलं. ओवी वरच्या झुंबराकडं बघत होती. "तिलाबी नाय आलं ऐकू," मामा म्हणाले. पुन्हा हशा पिकला. मीही हसले. ते हसणं मला आजही नको वाटतं.

तिसरा महिना संपता संपता आम्ही जेलरोडला परतलो, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट उन्हाळा सुरू झाला. आईपण गोड असतं असं ज्यांनी लिहिलंय त्यांच्या घरी मोलकरीण असणार. ओवी रडली की थांबत नसे. मी अंगाई म्हणायचे, खुळखुळा वाजवायचे, बोबडं बोलायचे, शेवटी वर्गात ओरडते तशी ओरडायचे. ती रडतच राही. तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या तर थोडी थांबे, पण माझा खांदा तिला फारसा पसंत नव्हता. तिला पसंत होते मामा. ते बनियनवर पलंगावर आडवे होत, तिला छातीवर पालथी टाकत आणि तोंड मिटून 'हूंऽऽ' असा एकच सूर धरत. गाणं नाही, शब्द नाही, जुना फ्रीज चालू झाल्यावर घुमतो तसा आवाज. दोन मिनिटांत ओवी शांत. मी दारात उभी राहून जळफळायचे. नऊ महिने पोटात मी वागवली, आणि हिला आवाज आवडतो तो याचा!

मामांची एक सवय मला आधीपासून ठाऊक होती. यंत्र नीट चालतंय की नाही हे ते कानानं नव्हे, तळव्यानं ओळखत. मिक्सरवर हात, पाण्याच्या मोटरीवर हात, नवऱ्याच्या मोटरसायकलच्या टाकीवर हात. "कान फसवतात," ते म्हणत, "हात नाय फसवत." सोसायटीची मोटर बंद पडायच्या आदल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं की हिचं बेअरिंग गेलंय, आणि कोणी ऐकलं नव्हतं. आता ते ओवीला न्याहाळू लागले. तासन् तास तिच्यासमोर बसून राहायचे. एका दुपारी समोरच्या मंगल कार्यालयात वरात आली आणि आमच्या खिडकीखाली कोणीतरी फटाक्यांची लड लावली. माझ्या हातातली कढई खाली पडली. नवरा झोपेतून उठून बसला. ओवी गादीवर पडून पंख्याकडं बघत होती, पाय हलवत. तिची पापणीसुद्धा लवली नाही. भेटायला आलेली माझी आई म्हणाली, "वाघीण हाय वाघीण!" मामा काहीच बोलले नाहीत. मामा काहीच बोलले नाहीत, ही खरं तर त्या दिवसातली सगळ्यात मोठी घटना होती. पण माझं लक्ष सांडलेल्या तेलाकडं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात ताटं आपटायला लागली. मी स्वयंपाकघरात असले की बाहेरून खाड्कन आवाज यायचा. धावत जावं तर मामा ओवीच्या डोक्यामागं उकिडवे बसलेले, एका हातात परात, दुसऱ्या हातात पळी. "मामा! काय करताय? घाबरेल ना ती!" मी ओरडले. त्यांनी परात खाली ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. खरंच हळू.

"घाबरत नाय ना, मास्तरीणबाई. तेच बघतोय." ते मला मास्तरीणबाईच म्हणतात. "ही माझ्यासारखी बघते. तू बोललीस की डोळ्यात नाय बघत, तोंडाकडं बघते. मागून हात लावला की दचकते. हिला ऐकू येत नाय."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुम्हाला स्वतःला ऐकू येत नाही म्हणून तुम्हाला जग बहिरं दिसतं, इथपासून माझ्या मुलीला पुन्हा असं म्हणालात तर मी सायखेड्याला निघून जाईन, इथपर्यंत. नवरा मधे पडला. संध्याकाळी ओवीच्या लसीची तारीख बघायला मी दवाखान्याचं कार्ड काढलं आणि ती ओळ पुन्हा दिसली. ओवी तीन महिन्यांची असताना करायची होती ती तपासणी. ती सहा महिन्यांची झाली होती.

तपासणीला आम्ही रिक्षानं निघालो, मी, मामा आणि ओवी. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती, आणि मामांना येऊ नका म्हणणं म्हणजे द्वारका चौकातल्या ट्रॅफिकला बाजूला व्हा म्हणण्यासारखं होतं. त्या ट्रॅफिकमध्येच आम्ही अडकलो. पुढं ट्रक, मागं बस, बाजूला सिमेंटचा मिक्सर, आणि सगळे एकमेकांवर हॉर्न वाजवत होते. इतकी वर्षं मी द्वारकेवरून जाते, पण त्या दिवशी तिथला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. एकेक हॉर्न वेगळा ऐकला. मागच्या बसचा हॉर्न तर पाठीत बुक्की बसावी तसा होता. प्रत्येक हॉर्नला मी ओवीकडं बघायचे. ती माझ्या मांडीवर जागी होती, रिक्षाच्या टपाची लोंबणारी झालर बघत, अगदी मजेत. देवळात बसावं तशी. मी मामांकडं पाहिलं. ते बाहेर बघत होते. तपासणीची मला गरज उरली नव्हती. मी रिक्षावाल्याला मागं फिरव म्हणणार होते, पण फिरायलाही जागा नव्हती.

तिला झोपेचं औषध देऊन, डोक्याला वायरी चिकटवून तपासलं. कानांची तपासणी करणाऱ्या बाई तरुण होत्या, माझ्या पहिल्या बॅचच्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी कागदावर आलेख दाखवला आणि शांतपणे सांगितलं की दोन्ही कानांना खूप कमी ऐकू येतं, अगदी मोठे आवाजही जेमतेम. मशीन लावावं लागेल, पुढं ऑपरेशनही लागू शकेल, आणि जेवढं लवकर तेवढं चांगलं. "लवकर" या शब्दावर मी मान खाली घातली.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. नवरा ऑफिसातून यायचा आणि बूट न काढता बसायचा. आईचा फोन आला. "पोटुशी असताना काय खाल्लं-प्यालं गं तू? काय केलं असं?" मी फोन ठेवला. समोर मामा पेपर वाचत होते. कुणावर तरी ओतायचंच होतं, म्हणून मी म्हणाले, "तुमच्या घराण्याचंच आहे हे. तुमच्यावर गेली ती." आवाज चढवून नाही म्हणाले. त्यांना काय ऐकू जातंय, असं वाटलं. पण पेपरावरून त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. त्यांनी पेपराची घडी घातली, चपला घातल्या आणि ते निघून गेले.

दुपार गेली. जेवायला आले नाहीत. फोन घरीच होता; तसाही त्यांच्याजवळ असून उपयोग नसतो. पाच वाजता जिन्यात आवाज आला, तळमजल्यापासूनच.

"मास्तरीणबाई! विचारून आलो! त्या तपासणीवाल्या बाईंना विचारून आलो! आपल्या घराण्याचं नाय! माझं मशीनच्या आवाजानं गेलंय आणि पोरीचं बहुतेक काविळीनं! तुझाबी दोष नाय! बाईंनी सांगितलं!"

एकेका मजल्यावरची दारं उघडली. जी गोष्ट मी महिनाभर सगळ्या बिल्डिंगपासून लपवली होती ती आता टेरेसवरच्या टाकीलाही माहीत झाली. मी त्यांचा दंड धरून त्यांना आत ओढायला गेले, पण ते उंबऱ्यातच थांबले, धापा टाकत. भर दुपारी द्वारकेपलीकडच्या त्या दवाखान्यापर्यंत आणि परत, अर्धं अंतर चालत. मी म्हणाले, "मामा, मला माफ करा."

"काय?"

"माफ करा म्हटलं!"

"काय म्हणतेस?"

"माझं चुकलं!" मी ओरडले. "मी बोलायला नको होतं! माफ करा मला!" समोरच्या दारातले काका आपल्या बायकोला हळूच म्हणाले, "माफी मागतेय." मामांनी मान हलवली आणि आत येऊन पाणी मागितलं. त्यांना पहिल्यांदा खरंच ऐकू आलं नव्हतं का, हे मला अजून कळलेलं नाही. मी विचारलेलं नाही. त्या रात्री मात्र खालच्या वहिनींनी आमटीचं पातेलं पाठवलं. खारट होती. आम्ही सगळी संपवली.

नवव्या महिन्यात ओवीला मशीनं लागली, दोन इवलीशी, गुलाबी. आता ती ऐकेल, वळून बघेल, हसेल, असं मी मनात शंभर वेळा पाहिलं होतं. तिनं ती उपटून तोंडात घातली. पुन्हा लावली, पुन्हा उपटली. एक फेकलं ते सोफ्याखाली गेलं, एक वरणात सापडलं. दिवसातून चाळीस वेळा तेच. तपासणीवाल्या बाई म्हणाल्या, संयम ठेवा. माझ्याकडं संयम कधीच नव्हता, तो मी शाळेत वाटून टाकला होता. एका सकाळी मी गुलाबी मशीन हातात घेऊन जमिनीवर बसून राहिले. नाही होणार माझ्याच्यानं, एवढंच डोक्यात होतं. मामा उठले, कपाटाचा खण उघडला, डबी काढली आणि आपलं जुनं मशीन घेऊन बाजारात गेले. ते दुरुस्त करून आणलं. ओवीसमोर मांडी घालून बसले, तिला दाखवत दाखवत कानात घातलं आणि बटण फिरवलं.

"आता बघ," ते म्हणाले, आणि एकदम थांबले. चेहरा पडला. पुन्हा म्हणाले, "आता बघ." मग माझ्याकडं वळले. "मी असा बोलतो?"

"हो."

"कायम?"

"सात वर्षं तरी मी ऐकतेय."

"मग कोणी सांगितलं का नाय?"

यावर माझा नवरा, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, पोट धरून हसला. हसता हसता रडायला लागला आणि उठून गॅलरीत गेला. ओवी मामांच्या कानाकडं हात लांबवत होती. त्यांनी मशीन काढून तिला दिलं, तिनं चाटलं, परत दिलं, त्यांनी घातलं. मग तिचं तिला लावलं. अकरा मिनिटं टिकलं. दुसऱ्या दिवशी वीस. ज्या मशीनमध्ये भांडी आपटतात म्हणून त्यांनी ते वर्षानुवर्षं घातलं नव्हतं, ते आता ती जागी असेपर्यंत त्यांच्या कानात असतं, आणि भांडी अजूनही आपटतात. मधूनच डोळे मिटतात, कपाळाला आठ्या घालतात, पण काढत नाहीत. बोलतात मात्र हळू. इतकं हळू, की खालच्या वहिनींनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "काकांची तब्येत बरी नाही का हो?"

परवा तिला वर्ष झालं. फार कोणाला बोलावलं नाही. ऑपरेशन करायचं ठरलंय. पुढच्या महिन्यातली तारीख आहे, आणि त्या तारखेकडं मी कॅलेंडरवर अजून नीट बघितलेलं नाही. मशीननं तिला थोडं पोहोचतं. किती, ते तिलाच ठाऊक. तिनं मला आई म्हटलेलं नाही. माझ्या वर्गातल्या साठ पोरांनी एकदम "बाई" म्हणून हाक मारली की अलीकडं मला फळ्याकडं तोंड करावं लागतं.

आज दुपारी कपडे वाळत घालायला आम्ही टेरेसवर गेलो. वारा होता. लांबवर एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसत होत्या. मामा चटईवर, ओवी त्यांच्यासमोर. एकाएकी ती हात वर करून काहीतरी म्हणाली. चिमण्यांकडं बघून, की माझ्या हातातल्या ओल्या चादरीकडं, की नुसतंच आभाळाकडं, कोण जाणे. "अब्बू"सारखं काहीतरी होतं.

"काय म्हणाली?" मामांनी विचारलं. वाऱ्यानं त्यांच्या मशीनमध्ये घरघर होत असणार.

मला काहीतरी ठोकून देता आलं असतं. आजोबा म्हणाली म्हणून सांगितलं असतं तर दिवाळी झाली असती. "मला नाही कळलं, मामा," मी म्हणाले, आणि चादर तशीच पिळ्यासकट बादलीत टाकून त्यांच्याशेजारी येऊन बसले.

"पुन्हा सांग गं," मामा तिला म्हणाले, हळू, ओठ नीट हलवत.

तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या. एवढ्या मोठ्या दोन माणसांना एवढं साधं कळू नये, याचा तिला राग आलेला दिसला नाही. ती पुन्हा म्हणाली. आम्हाला पुन्हा कळलं नाही, आणि ती तिसऱ्यांदा म्हणाली.